आबांचा ठणका, भावाची सुई आणि कपाटातली गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका ताईंच्या वडिलांना गालाचा कॅन्सर आहे, वय ६८. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला, वर्षभराने दुखणं परत वर आलं. मिरजेतल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. डबी आठ दिवस कपाटात पडून आहे. भाऊ म्हणतो, "ही अफू हाय, आबांना गर्दुल्ला करायचा का?" चुलते म्हणतात, मॉर्फिन चालू केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. आबा स्वतः म्हणतात, "सोसतंय तवर सोसतो." ताईंनी जाता जाता हेही लिहिलंय की भाऊ स्वतः कंबरेसाठी महिन्यातून दोन-तीनदा गावातल्या दवाखान्यात सुई मारून घेतो. त्यांना विचारायचंय की यावर संशोधन काय सांगतं, गोळी द्यावी का, आणि हळद, मालिश, नामस्मरण यांचा काही उपयोग होतो का.

ताई, आधी उत्तर देते, कारणं नंतर. ज्यांनी गोळी लिहिली त्या डॉक्टरांना आज फोन करा. आठ दिवस गोळी दिलीच नाही हे न लाजता सांगा. मधल्या काळात आबांचं खाणं-पिणं, लघवी, शुद्ध यात काही फरक पडला असेल तर तोही सांगा. त्यांनी होकार दिला की आज रात्रीपासून गोळी सुरू करा, आणि त्यांनी लिहिलेल्या वेळेलाच द्या. आबा कण्हू लागतील तेव्हा बघू, असं करू नका.

मी भूलतज्ज्ञ आहे. मिरजेत सत्तावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची पंधरा बरीचशी वेदनेच्या ओपीडीत गेली. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून माणसं दुखणं घेऊन मिरजेला येतात. जत, आटपाडी, पलीकडून अथणी, विजापूर. ऑपरेशन करून घ्यायला लोक शंभर मैल येतील, पण दुखणं थांबवायला डॉक्टरकडे जायचं असतं ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. त्यात दोष तुमचा नाही. आम्हालाही ते कोणी नीट शिकवलं नव्हतं.

शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका मोठ्या रुग्णालयात जतकडच्या एक आजी होत्या. स्तनाचा कॅन्सर मणक्याच्या हाडात गेलेला. कागदावर वेदनेच्या इंजेक्शनपुढे आम्ही सगळे लिहायचो तेच लिहिलेलं होतं, एसओएस, म्हणजे गरज पडली तर. गरज पडली हे ठरवायचं कोणी? आजी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मग हाक मारायच्या. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात. सिस्टर आल्या की मला शोधायच्या, मी आले की कपाटाची किल्ली शोधायची, आणि सुई टोचेपर्यंत तास-दीड तास गेलेला. तोवर दुखणं इतकं चढलेलं असे की तेवढ्या औषधाने ते उतरायचं नाही. एकदा मी त्यांना म्हणाले, "आजी, आत्ताच तर दिलंय, सोसा जरा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यानंतर मला हाक मारणंच सोडलं. मला वाटलं, आराम पडला. दोन दिवसांनी त्यांच्या लेकीने सांगितलं की आई पदराचा बोळा तोंडात धरून झोपते.

त्या आजींना माझ्याकडून जे मिळायला हवं होतं ते तेव्हा पुस्तकांत होतं. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि पुढे डॉक्टरकीही शिकल्या. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांजवळ बसून त्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली. दुखणं उठायची वाट न बघता ठरावीक तासांनी मॉर्फिन तोंडाने दिलं, तर माणूस ग्लानीत जात नाही, औषधासाठी गयावया करत नाही, आणि बरेचदा मात्राही फार वाढवावी लागत नाही. १९६७ मध्ये त्यांनी अशा रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी जो मार्ग आखून दिला त्यात हेच तत्त्व आलं: जमेल तिथे तोंडाने द्या, घड्याळाकडे बघून द्या, आणि त्या माणसाला लागेल तेवढं द्या. सौम्य औषधापासून जोरकस औषधाकडे चढत जायच्या त्या वेळच्या पायऱ्या आता तितक्या कडक मानत नाहीत, २०१८ च्या सुधारित सूचनांत त्या बऱ्याच सैल झाल्या. घड्याळ मात्र कोणी काढून टाकलेलं नाही.

तुम्ही द्राक्षाच्या पट्ट्यातल्या आहात, म्हणून ठिबकाचं उदाहरण देते. वेलीने मान टाकल्यावर बादलीभर पाणी ओतणारा बागायतदार तुमच्याकडे एकही सापडणार नाही. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा अंमल साधारण चार तास राहतो, म्हणून ती दर चार तासांनी असते. रात्री झोपमोड नको म्हणून झोपतानाची मात्रा पुष्कळदा दुप्पट लिहिलेली असते. चिठ्ठीवर तसं दिसलं तर डॉक्टर चुकले असं समजू नका. मधेच कळ उठली तर द्यायची वेगळी जादा मात्राही लिहिलेली असते. ती किती वेळा लागली हे लिहून ठेवायचं, कारण पुढची मात्रा त्यावरून ठरते.

आजींच्या बाबतीत आज आणखी एक गोष्ट केली असती. कॅन्सर हाडात उतरून दुखत असेल तर शेकाचा एकच मोठा डोस, ८ ग्रे (ग्रे हे शेकाचं माप), पुष्कळदा पुरतो. १९९९ साली नेदरलँड्समधून हजाराहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला, एक डोस विरुद्ध सहा डोस. वेदना दोन्हीकडे सारखीच उतरली. एका डोसवाल्यांना पुन्हा शेक लागण्याचं प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण जतहून मिरजेला सहा खेपा आणि एक खेप, यातला फरक ज्याला रोजंदारी बुडवून गाडी करावी लागते त्याला विचारा.

आता आबांच्या दुखण्याकडे येते. तुम्ही नुसतं "खूप दुखतं" असं लिहिलंय. तेवढ्यावर मला काम करता येत नाही. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ शब्दांची प्रश्नावली केली होती, रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याची जात ओळखायला. आपल्याकडे असली छापील यादी लागत नाही. आमच्या ओपीडीत बसलेली कुठलीही मावशी दहा मिनिटांत वीस शब्द देते. ठणका लागतो म्हणाली तर सूज असेल, पू असेल, गाठीत रक्त तटतटलं असेल. कळ येते आणि जाते म्हणाली की पोटातली पोकळ नळी डोळ्यांसमोर येते, आतडं, मूत्रनळी, पित्ताची नळी. सलतंय म्हटलं की आत काहीतरी टोचतंय, हाडाचं टोक, टाका. आग होते, भगभगतं, मुंग्या येतात, तिडीक जाते, करंट बसल्यासारखं होतं, साडीचा पदर लागला तरी सहन होत नाही, हे सगळे शब्द नसेचे आहेत. उसण, लचक, पायात गोळा, अवघडणं ही स्नायूंची भाषा.

हा भाषेचा खेळ नाही, यावर औषध ठरतं. ठणक्याला मॉर्फिन आणि सूज उतरवणारी औषधं चांगली लागू पडतात. गालाचं ऑपरेशन आणि शेक झालेल्या माणसाच्या कानशिलात तिडीक जात असेल, गालाची आग होत असेल, तर नुसतं मॉर्फिन वाढवत राहून भागत नाही. अमिट्रिप्टिलिन किंवा गाबापेन्टिनसारखी नसेची गोळी जोडीला लागते. (अमिट्रिप्टिलिनच्या पाकिटावरचं वाचून "माझ्या बापाला वेड लागलंय का?" असं विचारत आलेले दोन मुलगे मला अजून आठवतात. ते मूळचं उदासीनतेचं औषध आहे, पण नसेच्या दुखण्याला त्याहून बरीच कमी मात्रा पुरते.) तेव्हा आबांना विचारा, कसं दुखतंय. ते वापरतील तोच शब्द वहीत उतरवून घ्या. "वेदना होते" असा पुस्तकी शब्द लिहू नका, माझा सगळा माल त्यात हरवतो.

किती दुखतं हे मोजायला शून्य ते दहा अशी पट्टी असते. शाळा शिकलेल्यांना ती जमते. जुन्या माणसांना मी रुपया विचारते: "सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय?" बारा आणे, चौदा आणे, उत्तर फटकन येतं. गोळी चालू केल्यावर "किती आणे फरक?" असं विचारायचं. मोठ्या अभ्यासांत असं दिसलंय की दुखणं साधारण ३० टक्के उतरलं की रुग्ण आपणहून म्हणतो, बरं वाटतंय. म्हणजे हिशेबाने पाच आणे झाले! सगळा रुपया पहिल्याच दिवशी वसूल होईल अशी आशा धरू नका. पहिल्या रात्री झोप लागली पाहिजे. मग गप्प पडून असताना दुखायचं थांबलं पाहिजे. हलताना, बोलताना, घास घेतानाचं सगळ्यात शेवटी उतरतं.

आता भावाचं म्हणणं. त्याला हसू नका, त्याची भीती हवेतून आलेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या. पुढे ऐंशीच्या दशकात गर्द आलं. मॉर्फिन अफूच्या बोंडातूनच निघतं, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या याच देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं इतकं जंजाळ झालं की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवायचंच सोडलं. डॉक्टरांच्या पिढ्या ती गोळी हातात न धरता निवृत्त झाल्या. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कालिकतला काम उभं केलं, वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, आणि २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्था एकाच परवान्यावर ही औषधं ठेवू शकतात. तुमच्या कपाटातली डबी कायदेशीर आहे, चिठ्ठी आणि पावती तिच्यासोबत ठेवा.

व्यसनाबद्दल संशोधनाने आम्हा डॉक्टरांना एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय, तेही सांगते, कारण ते लपवून तुमचा विश्वास मागणं बरोबर नाही. १९८० साली एका प्रसिद्ध अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत व्यसन लागल्याची फक्त चार उदाहरणं सापडली, एवढंच त्यात होतं. ती माणसं रुग्णालयात दाखल होती, देखरेखीखाली होती. पण पुढची वीस-तीस वर्षं ते पत्र शेकडो लेखांत "ही औषधं सुरक्षित आहेत" याचा पुरावा म्हणून फिरलं. १९९६ नंतर अमेरिकेत अफूजन्य गोळ्या कंबरदुखीला, गुडघेदुखीला महिनोन्महिने वाटल्या गेल्या आणि लाखो माणसं त्यात अडकली. म्हणजे तुमच्या भावाची भीती चुकीच्या माणसाबद्दल आहे, चुकीच्या औषधाबद्दल नाही.

तीन गोष्टींची गल्लत होते. औषध अचानक बंद केलं तर अंगाला कापरं, जुलाब, घाम येतात, ती शरीराला झालेली सवय. म्हणून मॉर्फिन एकदम तोडायचं नाही, उतरवत न्यायचं. काही दिवसांनी तेवढ्याच मात्रेचा असर कमी होतो, ती दुसरी गोष्ट, आणि कॅन्सरमध्ये मात्रा वाढवावी लागते तेव्हा बहुतेकदा आजारच वाढलेला असतो. व्यसन ही तिसरी. नुकसान दिसत असूनही मन त्याच औषधामागे धावणं. घड्याळाप्रमाणे गोळी घेणारा कॅन्सरचा रुग्ण तिसऱ्या ठिकाणी क्वचितच पोहोचतो. होतं उलटंच. शेकाने किंवा नसेच्या ब्लॉकने, म्हणजे नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनने, दुखणं उतरलं की हेच रुग्ण विचारतात, "बाई, गोळी आता कमी करू का?" गर्दुल्ला असं विचारत नाही.

आणि आता भावाची सुई. खरं सांगायचं तर मला या घरात आबांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली. गावाकडे कंबरेची सुई म्हणजे बहुतेकदा डायक्लोफिनॅक असते. अधूनमधून घ्यायला चांगलं औषध आहे. महिन्याला दोन-तीन, वर ट्रॅक्टर चालवताना डोळा लागू नये म्हणून चहा-तंबाखू, पोट रिकामं, उन्हात पाणी कमी, आणि बीपी कधी मोजलेलं नाही, असं असेल तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही पणाला लागतात. या औषधाने मूत्रपिंडाचं काय होऊ शकतं याचा सगळ्यात मोठा पुरावा माणसांत नसून गिधाडांत मिळाला. डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरं मेली, त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं, आणि मूत्रपिंडं बंद पडून ती लाखोंनी मेली. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. गिधाडाचं शरीर वेगळं, माणूस त्याच्याइतका हळवा नाही. पण आमच्या डायलिसिसच्या खोलीत डोकावलं तर वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्लेली माणसं भेटतात.

बरं, मग भावाला मॉर्फिनसारखं काही द्यावं का? नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभर अभ्यास झाला, जुनाट कंबरदुखी आणि गुडघे-खुब्याची झीज असलेल्यांवर. अफूजन्य औषधं साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून ताज्या कंबर-मानेच्या दुखण्याचा अभ्यास आला, त्यात तर ती नुसत्या नकली गोळीपेक्षाही वरचढ ठरली नाहीत. एकाच औषधाला आबांसाठी हो आणि मुलासाठी नाही म्हणावं लागतं. मुलाला व्यायाम लागेल, ट्रॅक्टरची सीट बघावी लागेल, कंबर तपासावी लागेल. हे सांगितलं की पेशंट नाराज होतो, सुई मारणारा डॉक्टर जास्त कळवळ्याचा वाटतो. असो.

चुलत्यांचं "हात टेकले" हे घरोघरी ऐकते. मॉर्फिन उशिरा देतात, म्हणून ते दिल्यावर माणूस लवकर जातो, म्हणून लोक घाबरतात, म्हणून ते आणखी उशिरा देतात. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉ. जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला पहिल्यापासूनच वेदना आणि त्रास बघणारा डॉक्टर. दुसऱ्या गटाचे दिवस बरे गेलेच, शिवाय ते जास्त जगले, गटातल्या मधल्या रुग्णाच्या हिशेबाने ११.६ महिने, पहिल्या गटाचे ८.९. हा अभ्यास एका मॉर्फिनच्या गोळीचा नव्हता, सगळ्या देखभालीचा होता. तरी वेदना बघायला डॉक्टर बोलावला की मरण लवकर येतं, या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. इटलीतला २०१६ चा आणखी एक आहे. २४० रुग्ण, मध्यम वेदना. काहींना आधी ट्रामाडॉलसारखी सौम्य औषधं, काहींना थेट थोडं मॉर्फिन. मॉर्फिनवाल्यांना आराम जास्त जणांना आणि लवकर मिळाला, त्रास काही वाढला नाही. आबांचं "सोसतंय तवर सोसतो" यात अडकलंय, की मोठं औषध शेवटासाठी राखून ठेवावं. राखून ठेवण्यात काही शिल्लक पडत नाही. दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते.

आता घरातलं. पहिले दोन-तीन दिवस आबा जास्त झोपतील. त्यात अर्धी झोप मागची थकबाकी असते. मळमळ झाली तर आठवड्याभरात ओसरते, तोवर तिच्यासाठी गोळी असते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचं औषध रोज द्यायचं. लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. नुसतं एरंडेल आणि केळं यावर विसंबू नका. मॉर्फिन सोडणारे माझे निम्मे रुग्ण पोटापायी सोडतात. हाक मारून, हलवून आबा जागे होत नसतील, श्वास फार संथ वाटला, भ्रम झाला, लघवी कमी झाली, तर पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. मूत्रपिंड थकलं की औषध अंगात साचतं. सोबत दारू नाही, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी नाही.

गालाच्या कॅन्सरमध्ये तोंड उघडत नाही, गिळताना ठसका लागतो. साधी मॉर्फिनची गोळी कुटून पाण्यातून देता येते, नाकातली नळी असेल तर नळीतून जाते. पण बारा तास टिकणारी गोळी असेल तर ती कुटायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. डबीवर काय लिहिलंय ते केमिस्टला दाखवून खात्री करा. पुढे गिळणं अगदीच बंद झालं तर फेंटानिलची, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची, कातडीला चिकटवायची पट्टी असते, तीन दिवस अंगावर राहते. तिचा अंमल चढायला पहिल्यांदा बारा ते चोवीस तास जातात, आणि तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. डबी कुलपात ठेवा, मोजून ठेवा, उरलेल्या गोळ्या परत करा. पाहुण्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला त्यातली एक द्यायचा मोह नको.

हळदीचं विचारलंत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला तिचा अभिमान असायचाच. तिच्यातलं कर्क्युमिन सूज उतरवतं, गुडघेदुखीच्या काही लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय. पण ते पोटातून रक्तात फार कमी जातं, आणि कॅन्सरच्या ठणक्यापुढे त्याची ताकद नाही. दुधातून द्यायची तर द्या. जखमेवर मात्र दाबू नका. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर भुरभुरतात, दोन-चार दिवसांत वास बसतो. तुम्ही हे विचारलं नाहीये, पण आबांचं अंथरूण मागच्या खोलीत हलवलंय आणि नातवंडं तिकडे जात नाहीत, असं लिहिलंत तेव्हा मला वासच आठवला. सॉन्डर्स बाई याला संपूर्ण वेदना म्हणायच्या. गाल दुखतो, आणि आपल्या नाकातोंडाचा वास येतो म्हणून नातू जवळ येत नाही, हेही दुखतं. दुसऱ्या दुखण्यावर मॉर्फिन चालत नाही.

मागच्या खोलीतून त्यांना सोप्यात आणा, जिथून अंगण दिसेल. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून बघितल्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना जोरकस औषधं कमी लागली होती, विटांची भिंत दिसणाऱ्यांना जास्त. अभ्यास लहान आहे, पण खाट हलवायला पैसे पडत नाहीत. गाण्याचा पुरावा त्याहून भक्कम आहे. २०१५ मध्ये सत्तरहून जास्त चाचण्या एकत्र करून बघितल्या, सुमारे सात हजार रुग्ण. ऑपरेशनच्या आसपास गाणं ऐकणाऱ्यांचं दुखणं आणि औषधाची गरज दोन्ही कमी भरली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत हे सांगायला मला बरं वाटतं. मात्र गाणं आबांच्या आवडीचं लावा, तुमच्या नव्हे. भजन असेल तर भजन, तमाशाची लावणी असेल तर ती. मालिश पाठीला, पायांना जरूर करा, गाठीवर आणि शेकलेल्या कातडीवर नको.

नामस्मरणाचं उत्तर मी जरा आडवाटेने देते. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाला दिसलं की भयंकर जखमी सैनिकांपैकी कितीतरी जण मॉर्फिन नको म्हणतात. जखम म्हणजे त्यांच्यासाठी घरी जायची सुटका होती. आपल्याकडे हे बघायला रणांगणावर जावं लागत नाही. लोणंद-फलटणच्या रस्त्याने पालखीबरोबर चालणाऱ्या म्हातारीचे तळवे बघा, आणि तीच म्हातारी घरी आल्यावर तेच पाय किती दुखतात म्हणते ते ऐका. दुखण्याला अर्थ काय लावला यावर दुखणं कमी-जास्त होतं. आबांना नामात बरं वाटत असेल तर ते खरंच बरं वाटतंय, मनाची समजूत म्हणून उडवून लावू नका.

याची दुसरी बाजू चुलत्यांना ऐकवा. २०११ मध्ये जर्मनीच्या उलरिके बिंगल यांनी २२ धडधाकट माणसांना तापवलेल्या यंत्राचा चटका देत शिरेतून मॉर्फिनच्याच जातीचं औषध चालू ठेवलं. औषध तेवढंच, फक्त सांगणं बदललं. "आता औषध चालू आहे" म्हटल्यावर आराम जवळपास दुप्पट झाला. "औषध बंद केलंय, आता दुखणं वाढेल" म्हटल्यावर औषध चालू असूनही त्याचा गुण पुसला गेला. रात्री दहाला तुम्ही गोळी हातावर ठेवताना दारात उभं राहून कोणी "आता काय राहिलंय" म्हणत असेल, तर गोळीतली निम्मी ताकद तो माणूस काढून घेतोय. त्या वेळी चुलत्यांना चहा द्या आणि ओट्यावर बसवा.

एक साधी वही करा. वेळ, किती आणे, कोणता शब्द, कोणती गोळी, झोप किती, पोट साफ झालं का. आठ दिवसांनी ती घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, मात्रा त्यावरच ठरेल. आणि त्या खेपेला आबांसोबत भावालाही न्या. गाडी तोच चालवणार असेल, तर त्याचं बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) त्याच खेपेत करून घ्या. पुढची सुई त्यानंतर.